एकच लक्ष्मी, चार हाका



आज आपण नावांविषयी बोलणार आहोत. निमित्त घडलं ते आमच्या गटातल्याच एका मैत्रिणीच्या घरी. तिची आई पासष्टीच्या पुढची, तेलुगू बोलणारी, सगळं आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं. त्यांचं खरं नाव इथं सांगत नाही, पण गोष्ट समजावी म्हणून आपण त्यांना लक्ष्मी म्हणू.

या लक्ष्मी घरात लच्चम्मा. शेजारच्या कन्नड घरातल्या बायका त्यांना लक्कव्वा म्हणतात. चाळीतल्या मराठी बायकांच्या तोंडी लक्ष्मीबाई. आणि पलीकडच्या गल्लीत लहानपणापासूनची मैत्रीण राहते, तिची मुलं हाक मारतात, 'लछमी खाला'. चार हाका, पण वळून बघणारी बाई एकच. पन्नास वर्षांत कुणाचा कधी घोटाळा झाला नाही.

घोटाळा झाला तो कागदावर. विडी कामगाराच्या ओळखपत्रावर एक नाव, रेशन कार्डावर दुसरं, आधार कार्डावर तिसरंच स्पेलिंग. खात्यात जमा व्हायचे पैसे अडकले. खिडकीपलीकडून सांगण्यात आलं, 'या तिघी वेगळ्या बायका दिसतात.' तीन हेलपाटे झाल्यावर त्या घरी येऊन म्हणाल्या, 'हाक मारणाऱ्यांना मी एकच होते गं. कागदाला तिघी कशा दिसते?'

आम्हाला हा प्रश्न फार खरा वाटला. एक नाव इतकी रूपं का घेतं? यातलं 'बरोबर' कोणतं आणि 'चुकीचं' कोणतं? आणि बाईनं आपलं नाव कागदावर सांभाळायचं कसं? या तीन प्रश्नांची उत्तरं आज शोधू.

जीभ आपल्या वळणानं नाव घेते

पहिलं कारण जिभेचं. 'क्ष' हे जोडाक्षर घ्या. संस्कृतातला हा 'क्ष' लोकांच्या बोलण्यात आला, तेव्हा त्याला दोन वाटा फुटल्या. काही शब्दांत त्याचा 'ख' झाला, काही शब्दांत 'छ', आणि मराठीत त्या 'छ'चा पुढं 'स' किंवा 'श' झाला. स्वयंपाकघरातलीच उदाहरणं बघा. क्षीर म्हणजे दूध, त्यावरून आपली खीर आली. लक्ष म्हणजे शंभर हजार, त्याचे लाख झाले. आणि दुसऱ्या वाटेनं क्षेत्राचं शेत झालं, मक्षिकेची माशी झाली, कुक्षीची कूस झाली. म्हणजे आपण रोज जे शब्द वापरतो, ते सगळे या जुन्या शब्दांचे बदललेले अवतारच आहेत. 'खीर' हा शब्द चुकीचा आहे असं कुणी म्हणत नाही.

लक्ष्मीचंही तेच झालं. 'ख'च्या वाटेनं गेली ती बंगालीत लोक्खी झाली, कन्नडमध्ये लक्कव्वा, लक्कम्मा झाली. 'छ'च्या वाटेनं गेली ती हिंदीत लछमी आणि तेलुगूत लच्चम्मा झाली. आपल्याकडं जुन्या बायका ओवी म्हणताना सहज 'लक्षुमी' म्हणतात, कारण जोडाक्षर फोडून म्हटलं की तोंडात सोपं बसतं. जिजाऊंचे वडील लखुजी जाधव. त्यांच्या नावातला 'लख' हा याच कुळातला.

कृष्णाची कथा अशीच. प्राकृतात त्याचा 'कण्ह' झाला, त्यातून आपला कान्हा आणि कान्होबा आला. आपल्या जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या संत कान्होपात्रा, त्यांच्या नावात हाच कान्हा आहे. त्याच कृष्णाचा उत्तरेकडं किशन, आपल्याकडं किसन, तेलंगणात किष्टय्या, कन्नडमध्ये कृष्णप्पा किंवा लाडानं किट्टू, आणि बंगालीत केष्टो. देव एकच, फक्त जिभा वेगळ्या.

कन्नडची आणखी एक खोड आहे, ती सोलापूरकरांना ठाऊक असावी. संस्कृतातला 'व' कन्नडमध्ये बरेचदा 'ब' होतो. 'वन' म्हणजे रान, त्याचं कन्नडमध्ये 'बन'. 'वृषभ' म्हणजे बैल, नंदी, त्याचं झालं 'बसव'. त्या 'बसव'वरून बसवण्णा, बसप्पा, बसव्वा, बसम्मा अशी कितीतरी नावं आली. आपल्या पंढरीच्या विठ्ठलाविषयीही रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी असंच मत मांडलं होतं, की 'विष्णु'चं कन्नडमध्ये 'बिट्टी' झालं आणि त्यातून 'विठ्ठल' आला. सगळ्या अभ्यासकांना हे मान्य नाही. पण कर्नाटकातल्या होयसळ राजाचं नाव बिट्टिदेव होतं आणि तोच विष्णुवर्धन म्हणूनही ओळखला जातो, एवढं मात्र इतिहासात आहे. आपण मात्र त्या विठ्ठलाला विठोबा म्हणतो, विठू म्हणतो, आणि तेवढ्यावर न थांबता विठाई म्हणून त्याची आईसुद्धा करतो.

नावाला जोडलेलं नातं

दुसरं कारण मानाचं आणि मायेचं. आपल्याकडं मोठ्या माणसाचं नुसतं नाव घेत नाहीत. नावाला काहीतरी जोडतात, आणि जे जोडतात ते त्या त्या भाषेचं असतं.

मराठीत बाईच्या नावाला बाई, ताई, आक्का जोडतात. उत्तर कर्नाटकात अव्वा. गंगा असेल तर गंगव्वा, यल्लम्माच्या नावावरून यल्लव्वा. अव्वा म्हणजे आई. तेलुगूत अम्मा, म्हणजे तीही आईच. उर्दू बोलणाऱ्या घरांत बी, बानू, बेगम. पुरुषांच्या नावाला मराठीत राव, जी, बा. कन्नडमध्ये अप्पा म्हणजे वडील आणि अण्णा म्हणजे थोरला भाऊ. तेलुगूत अय्या. तेलुगूत 'रामुलु' असं नाव ऐकलं की आपल्याला गंमत वाटते. पण त्यातला 'लु' हा अनेकवचनाचा आहे. आपण मोठ्या माणसाला 'राम आला' म्हणत नाही, 'रामराव आले' म्हणतो ना? तसाच तो मान त्यांनी नावातच घालून ठेवला.

म्हणजे लच्चम्मा म्हणजे लक्ष्मीआई. लक्कव्वा म्हणजेही लक्ष्मीआई. आणि लक्ष्मीबाई म्हणजे मान देऊन घेतलेली लक्ष्मी. नाव बदललं, पण त्यातला जिव्हाळा तोच.

सोलापुरात हे सगळं इतकं एकमेकांत मिसळलंय, की कुणाचं शेपूट कुणाला लागेल याचा नेम नाही. त्याचं कारण आपल्या शहराच्या इतिहासात आहे. बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वर इथं होऊन गेले, त्यांनी कन्नडमध्ये वचनं रचली, आणि तेव्हा या गावाला सोन्नलिगे म्हणत. त्यांचं आराध्य दैवत म्हणजे आंध्रातल्या श्रीशैलचा मल्लिकार्जुन, म्हणजेच मल्लय्या. त्यामुळं आपल्याकडं एका सिद्धरामाचे सिद्राम, सिद्धाप्पा, सिद्धेश्वर, सिद्रामप्पा झाले. एका मल्लिकार्जुनाचे मल्लप्पा, मल्लय्या, मल्लिनाथ, मल्लम्मा झाले, आणि तेलंगणाकडं मल्लेशम.

पुढं 1877 मध्ये सोलापुरात पहिली कापड गिरणी सुरू झाली, ती आपली जुनी गिरणी. मागावर काम करणारी पद्मशाली कुटुंबं तेलंगणातून येत राहिली. त्यांनी येताना तेलुगू नावं आणली आणि एक वेगळी रीतही आणली. तेलुगूत घराण्याचं नाव आधी लिहितात आणि स्वतःचं नाव नंतर. त्याला 'इंटि पेरु' म्हणतात, म्हणजे घरचं नाव. मराठी शाळेत नाव घालताना मात्र आधी मुलाचं, मग बापाचं, मग आडनाव. या उलटसुलटीत कित्येक घरांत आडनावाच्या जागी नाव आणि नावाच्या जागी आडनाव जाऊन बसलं. आमच्यातल्या दोघीतिघींच्या घरची ही गोष्ट आहे.

या शहराची ओळख एका ओळीत सांगायची तर चार हुतात्म्यांची नावं घ्यावीत. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात त्यांना फाशी दिली. आता ही नावं पुन्हा एकदा ऐका. मल्लप्पातला अप्पा कन्नड. कुर्बान हुसेन ही अरबीतून आलेली नावं. जगन्नाथ संस्कृतातलं, जसंच्या तसं. आणि श्रीकिसन हा उत्तरेकडच्या वळणाचा कृष्ण. चार पुतळ्यांपाशी उभं राहिलं की चार वाटांनी आलेली नावं शेजारी शेजारी दिसतात. यातलं कोणतं नाव 'शुद्ध' आणि कोणतं 'बिघडलेलं', असं विचारायची कुणाची हिंमत होईल?

युरोपातही हेच

हे फक्त आपल्याकडंच होतं असं समजू नका. नातवंडं परदेशात असतील तर तुम्ही जॉन हे नाव ऐकलं असेल. या जॉनचं मूळ हिब्रू भाषेत आहे, योहानान. अर्थ साधारण असा, 'देवाची कृपा झाली.' ग्रीक लोकांनी त्याचं इओआन्नेस केलं, लॅटिननं योहान्नेस. मग जशी जीभ तसं नाव. जर्मन योहान आणि लाडानं हान्स, फ्रेंच ज्याँ, इटालियन जोव्हान्नी, स्पॅनिश हुआन, रशियन इवान, हंगेरियन यानोश, आयरिश शॉन, स्कॉटलंडचा इयन. ऐकून वाटावं, दहा वेगळी माणसं. पण नाव एकच.

जो बदल तिथं झाला तोच इथं. कन्नडनं 'व'चा 'ब' केला, तसा इंग्रजीनं 'य'चा 'ज' केला आणि स्पॅनिशनं 'ह'. योसेफचं इंग्रजीत जोसेफ, इटालियनमध्ये जुझेप्पे, स्पॅनिशमध्ये होसे.

बायकांच्या नावांची तर आणखी गंमत. एलिझाबेथ घ्या. इंग्लंडची राणी एलिझाबेथ हयात होती, तेव्हा स्पेनमधली वर्तमानपत्रं तिला सरळ 'इसाबेल' म्हणून छापायची. कारण त्यांच्या भाषेत एलिझाबेथचं रूप इसाबेलच. हंगेरीत तीच एर्झेबेत, रशियात येलिझावेता, आणि लाडानं लिझा, बेटी. मराठी बायबलमध्ये हे नाव अलीशिबा असं आहे. मार्गारेट या नावाचा अर्थ मोती. त्याचं फ्रेंचमध्ये मार्गरीत, जर्मनमध्ये ग्रेटा, आणि इंग्रजीत लाडानं चक्क पेगी. मार्गारेटची पेगी कशी झाली म्हणून हसू येतं, पण आपण तरी काय करतो? गोदावरीची गोदू करतोच की.

गोदू म्हटल्यावर कुंभारीची वसाहत आठवली ना? विडी कामगार बायकांच्या घरांची ती वसाहत कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावानं आहे. कागदोपत्री त्या गोदावरी परुळेकर, वारली आदिवासींमध्ये काम केलेल्या, 'जेव्हा माणूस जागा होतो' लिहिणाऱ्या. पण वसाहतीला गोदावरी नाही, गोदूताई नाव दिलं. कारण ज्यांच्यासाठी त्या होत्या, त्यांच्या ओठांवर तेच होतं.

मुस्लिम आणि ख्रिस्ती मैत्रिणींची नावंही अशीच एकमेकींची बहिणी आहेत, हे आपल्या लक्षातच येत नाही. इब्राहिम आणि अब्राहाम, मूसा आणि मोशे, दाऊद आणि दावीद, सुलेमान आणि शलमोन, यूसुफ आणि योसेफ, मरियम आणि मरीया. वरचा जॉन, तो उर्दू बोलणाऱ्या घरांत याह्या आणि मराठी बायबलमध्ये योहान. मशिदीजवळच्या गल्लीतली मरियम, चर्चजवळच्या घरातली मरीया आणि सातासमुद्रापलीकडची मेरी, तिघी एकाच नावाच्या.

आणि हे युरोपी नाव आपल्याकडं येऊन कसं होतं, ते बघायला लांब जायला नको. गोव्यात पोर्तुगीज आले, बाप्तिस्म्यात पोर्तुगीज नावं दिली गेली. पण गावातल्या माणसांनी ती कोकणी तोंडानं घेतली. पोर्तुगीज सेबास्तियांवचा बोस्त्यांव झाला, दुमिंगुशचा दुमिंग, जुझेचा झुझे. म्हणजे जी नावं हिब्रूतून ग्रीक, ग्रीकमधून लॅटिन, लॅटिनमधून पोर्तुगीज होत आली, ती गोव्याच्या भातशेतात उतरली आणि तिथल्या मातीची झाली.

सोलापूरचा के दिहुआ

सगळ्यात लांबचा प्रवास केला तो मात्र आपल्या सोलापूरच्याच एका नावानं. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. जन्म 1910, सोलापूरचा. 1938 मध्ये भारतीय राष्ट्रीय काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते होते. जपानशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर उपचार करता करता 1942 च्या डिसेंबरमध्ये तिथंच वारले.

चिनी भाषेत एकेका अक्षरचिन्हाला एकेक उच्चार असतो आणि एकेक अर्थही. 'कोटणीस' जसंच्या तसं तिथं बसेना. आडनाव आधी, या त्यांच्या रीतीनं 'को'चं 'के' झालं, मग 'दि', आणि शेवटी 'हुआ'. के दिहुआ. हे 'हुआ' म्हणजे चीन. पथकातल्या पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावाच्या शेवटी हे 'हुआ' लावून घेतलं. म्हणजे आपण इथं नावाला अप्पा किंवा बाई लावून नातं जोडतो, तसं त्यांनी एका देशाशी नातं जोडलं. तिथंच त्यांनी ग्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. आईचा देश आणि बापाचा देश, दोन्ही एका नावात.

चीनमध्ये आजही त्यांना के दिहुआ म्हणून ओळखतात. सोलापुरात आपण कोटणीस म्हणतो. त्यांचं नाव तिकडं बिघडलं असं आपण म्हणू का? उलट, एखाद्या परक्या मुलखानं आपलं नाव आपल्या तोंडात बसवून घ्यावं, हा केवढा मान.

मग अडतं कुठं?

अडतं ते कागदावर. हाक मारणारा माणूस चेहरा बघतो, कागद अक्षरं बघतो.

आधी हाकेचं नाव कुणीतरी ऐकून देवनागरीत लिहितो. मग ते इंग्रजीत जातं. इंग्रजीत 'क्ष'ला अक्षर नाही, म्हणून कुणी 'के एस एच' लिहितो, कुणी 'एक्स'. 'व' कुणी 'व्ही'नं लिहितो, कुणी 'डब्ल्यू'नं. 'ज्ञानेश्वर' आपल्याकडं 'डी एन वाय'नं सुरू होतो, हिंदीवाले 'जी वाय'नं लिहितात. मग तेच इंग्रजी नाव संगणक परत देवनागरीत आणतो, आणि तेव्हा 'ळ'चा 'ल' होतो, 'ण'चा 'न' होतो. काळेबाई गेल्या आणि कालेबाई होऊन परत आल्या! टिळकांचं हिंदीत तिलक झालं, तिथं आपल्यातुपल्याची काय कथा. आपल्या गावाचंच बघा ना, इंग्रजांच्या काळातल्या कागदांवर 'शोलापूर' आहे.

पुरुषांनाही हा त्रास होतो. पण बायकांना दुप्पट होतो, कारण त्यांचं नाव लग्नात आणखी एकदा बदलतं. सासरी आल्यावर ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवं नाव लिहायचं, ही रीत कितीतरी घरांत अजून आहे. मधलं नाव बापाचं जाऊन नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं, आणि कुठंकुठं तर स्वतःचं पहिलं नावही पुसलं जातं. शाळेचा दाखला एका नावाचा, रेशन कार्ड दुसऱ्या. तांदळावरचं नाव हातानं पुसता येतं, दाखल्यावरचं नाही.

चेक देशातल्या बायकांचीही अशीच एक तक्रार होती. तिथं नवऱ्याचं आडनाव नोवाक असेल तर बायकोचं नोवाकोवा होतं. हा 'ओवा' बाईच्या आडनावाला लागायचाच. 2022 पासून तिथल्या कायद्यानं बाईला मोकळीक दिली, हवा असेल तर लावा, नको असेल तर नाही. भाषा आपल्या रीतीनं नाव घडवणारच. पण कागदावर काय यावं, हे जिचं नाव तिनं ठरवावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आमचंही तेवढंच म्हणणं आहे.

आपलं नाव आपल्या हातात

आता कामाचं बोलू. लक्ष्मीबाईंच्या कागदांपायी आम्ही जे शिकलो, ते सांगतो.

पहिलं. एका दुपारी घरातले सगळे कागद काढा. शाळेचा दाखला, आधार, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, पासबुक, लग्नाचं प्रमाणपत्र, घराचे कागद. सगळे चटईवर मांडा आणि प्रत्येकावरचं आपलं नाव एका वहीत उतरवून घ्या. मराठीतलंही आणि इंग्रजीतलंही, एकेक अक्षर बघून. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातीला बसवा. तिलाही त्यातून पुष्कळ कळेल.

दुसरं. कोणतं नाव ठेवायचं ते तुम्ही ठरवा. लच्चम्मा ठेवायचं की लक्ष्मी, हे दुसऱ्या कुणी ठरवू नये. 'लच्चम्मा हे काय नाव आहे, लक्ष्मी लिहा' असं कुणी म्हणालं तर गप्प बसू नका. ते नाव गावंढळ नाही, ते तेलुगू आहे. आणि लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. बदलायचं असेल तर आनंदानं बदला, पण कायद्यानं बांधलं आहे म्हणून नको.

तिसरं. आधारवर नाव दुरुस्त करता येतं, पण आयुष्यात दोनदाच. म्हणून घाईनं जाऊ नका. आधी ठरवा, कागदावर लिहून न्या, आणि पडद्यावर टाइप झालेलं नाव स्वतः बघितल्याशिवाय हो म्हणू नका. दोन्ही लिप्यांतलं बघा.

चौथं. दोन कागदांवर दोन नावं असतील तर 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र करता येतं. नाव पक्कं बदलायचं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात ते छापून घ्यावं लागतं. त्या राजपत्राच्या प्रती जपून ठेवा. आणि जुने कागद कधी टाकू नका. जुनं नाव खोटं नव्हतं, त्याच नावानं तुम्ही कष्ट केलेत, पगार घेतलात.

पाचवं, लेकीबाळींसाठी. आपल्या राज्यात 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव, असा क्रम सरकारनं ठरवला आहे. म्हणजे आता आईचं नाव बाळाच्या सरकारी कागदांवर जाणार. तिथं आईचं स्पेलिंग चुकलं तर ते आईच्या कागदापुरतं राहत नाही, लेकराच्याही कागदावर जातं. बाळंतपणाच्या गडबडीत दवाखान्यात कुणीतरी दुसरंच नाव सांगून मोकळं होतं. तेव्हा तुमचं नाव कसं लिहायचं, ते आधीच एका चिठ्ठीवर लिहून पिशवीत ठेवा.

लक्ष्मीबाईंचं काय झालं, असं विचाराल. प्रतिज्ञापत्र झालं, आधारवरची दुरुस्ती झाली, आणि अडकलेले पैसे खात्यात आले. कागदावर कोणतं नाव घालायचं, हे ठरवताना आम्ही सगळ्या आपापलं मत देत होतो. एक म्हणाली लक्ष्मी घाला, सोपं पडेल. दुसरी म्हणाली लक्ष्मीबाई. त्या विड्यांची पानं कात्रीनं कापत बसल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, 'माझ्या आईनं लच्चम्मा म्हणून हाक मारली होती. तेच लिहा.'

तेच लिहिलं. चाळीतल्या बायका अजून त्यांना लक्ष्मीबाईच म्हणतात, शेजारीण लक्कव्वाच म्हणते, आणि त्या प्रत्येक हाकेला 'ओ' देतात. बदललं ते एवढंच, की आता कागदही त्यांना ओळखतो.

तुमच्या घरात एका नावाच्या किती हाका आहेत? आजीचं नाव माहेरी काय होतं, सासरी काय झालं? आजच तिच्यापाशी बसा आणि विचारा, आणि जमलं तर आम्हाला लिहून कळवा. पुढच्या वेळी तुमचीच नावं घेऊन आपण बोलू.

तोवर नमस्कार.